यंत्राचे शब्दप्रामाण्य आणि आपला कागद

१८५५ साली जोतीराव फुल्यांनी 'तृतीय रत्न' हे नाटक लिहून दक्षिणा प्राइज कमिटीपुढे ठेवले. कमिटीने ते नाकारले. ते छापून लोकांच्या हाती पडायला १९७९ साल उजाडावे लागले. नाटकातली गोष्ट साधी आहे. एक जोशी कुणब्याच्या दारात येतो. घरात गरोदर बाई आहे. जोशी ग्रहांची नावे घेतो, पोटातल्या मुलावर संकट आहे असे सांगतो आणि त्या गरीब नवराबायकोला पदरमोड करून ब्राह्मणभोजन घालायला लावतो. भटशाहीचे वाभाडे काढणारे नाटक म्हणून आपण ते वाचतो, आणि ते बरोबरच आहे. परंतु मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. जोशाच्या हातात काठी नाही, सरकारी हुकूम नाही. त्याच्याजवळ आहे ती फक्त माहिती. ती तो न अडखळता, ठाशीव शब्दांत, ऐकणाऱ्याच्या पोटातली भीती आणि आशा ओळखून सांगतो. हे कुठे लिहिले आहे असे कुणबी विचारीत नाही, कारण दाखवले तरी त्याला ते वाचता येणार नाही. शेवटी नवराबायको जोतीरावांच्या शाळेत शिकायला जायचे ठरवतात.

माहिती कुणाकडून घ्यायची आणि ती खरी कशावरून मानायची, हा प्रश्न आपल्या समाजाला असा फार जुना आहे. जोशाची माहिती पंचांगातली, कुलकर्ण्याची दप्तरातली, शास्त्र्याची पोथीतली. तीनही ठिकाणी वाचणारा एक आणि भोगणारा दुसरा. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृती जाळली गेली ती या शब्दप्रामाण्याचा निकाल लावण्यासाठीच. तो निकाल आपल्यापुरता कायमचा लागला असे आम्ही मास्तर मंडळी वर्गात सांगत आलो. आज ते पुन्हा तपासायची वेळ आली आहे, आणि त्याचे कारण कृत्रिम बुद्धिमत्तेचे बोलके यंत्र होय.

मी मुळशी तालुक्यातल्या भूगावात राहतो. पुण्याहून चांदणी चौक ओलांडून पौडच्या रस्त्याला लागले की बावधनच्या पुढे आमचे गाव. एकेकाळी इथे भातखाचरे होती. आज मंगल कार्यालये आणि बहुमजली इमारती आहेत. जमिनीचा भाव एकराचा राहिला नाही, तो गुंठ्याचाही राहिला नाही, चौरस फुटाचा झाला. अशा गावात ज्याच्या घरात जुना वतनाचा तुकडा आहे त्याच्या दारात दलाल पंचांग न घेता येतो, एवढाच फरक.

आमच्या वस्तीतल्या एका पदवीधर मुलाच्या घरी एकोणतीस गुंठ्यांचा असा तुकडा आहे. दलाल इसार द्यायला तयार होता. मुलाने मोबाइलवर त्या बोलक्या यंत्रांपैकी एकाला विचारले की पणजोबांच्या वेळची महार वतनाची जमीन विकता येते का. क्षणात उत्तर आले. वतने १९५८ च्या कायद्याने खालसा झाली, त्यामुळे जमीन आता पूर्ण मालकीची, कुणाच्या परवानगीची गरज नाही. खाली कायद्याचे कलम दिले होते, उच्च न्यायालयाच्या एका निवाड्याचे नाव आणि साल दिले होते. मराठी इतके शुद्ध की मला सुधारायला एक वेलांटी सापडली नाही.

महार वतन म्हणजे काय हे नव्या पिढीसाठी थोडक्यात सांगायला हवे. गावकीची आणि सरकारची सारी हलकी कामे, सांगावा नेणे, सारा पोचवणे, मेलेली ढोरे ओढणे, पिढ्यान्‌पिढ्या करायची आणि त्या बदल्यात जमिनीचा तुकडा व बलुते घ्यायचे. १८७४ च्या वंशपरंपरागत हुद्द्यांच्या कायद्याने इंग्रजांनी या गुलामगिरीला कायद्याचे कुंपण घातले. बाबासाहेबांनी त्या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मार्च १९२८ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात मांडले. पुढच्या वर्षी ते मागे घ्यावे लागले. त्यानंतर तीस वर्षांनी, बाबासाहेब गेल्यावर, १९५८ चा मुंबई कनिष्ठ गाव वतने निर्मूलन कायदा आला आणि १ ऑगस्ट १९५९ पासून अमलात आला. वतन गेले. पण जमीन आपोआप मोकळी झाली नाही. वतनदाराने ठरलेली कब्जेहक्काची रक्कम भरायची, मग ती त्याला पुन्हा प्रदान व्हायची, आणि तीही जिल्हाधिकाऱ्याच्या पूर्वपरवानगीशिवाय हस्तांतर करता येणार नाही या शर्तीवर. ती शर्त नसती तर पुण्याच्या आसपासचा महार वतनाचा एकही तुकडा आज शिल्लक दिसला नसता. शर्त असूनही किती राहिला हा प्रश्न वेगळा. मुंढव्याच्या चाळीस एकर महार वतनाच्या जमिनीचा व्यवहार नोव्हेंबर २०२५ मध्ये राज्यभर गाजला तो वाचकांना आठवत असेल.

म्हणजे यंत्राने सांगितलेले पहिले वाक्य खरे होते आणि त्यावर टेकवलेले दुसरे खोटे. त्याने दिलेले कलम मी शोधले तेव्हा ते कुलकर्णी वतनाच्या १९५० च्या कायद्यातले निघाले. पाटील-कुलकर्ण्यांचे वतन आणि महाराचे वतन यांत गावात जे अंतर होते ते यंत्राला ठाऊक नव्हते, असे म्हणून हसता आले असते. निवाडा मात्र कुठेच सापडला नाही. ओळखीच्या वकिलांनी तीन दिवस शोधून सांगितले की असा निवाडाच नाही.

मी त्या मुलाला विचारले, "तुला हे खरं कशावरून वाटलं?" तो म्हणाला, "गुरुजी, त्यानं नीट सांगितलं. आजवर आम्हाला इतकं नीट कुणी सांगितलंय?"

या उत्तरापाशी मी बराच थांबलो. आपल्यातले शिकलेले लोक यंत्रावर विश्वास ठेवणाऱ्यांना भोळे म्हणतात. तो भोळेपणा नव्हे. कार्यालयात जाऊन उभे राहिले, आडनाव सांगितले, की समोरच्याच्या चेहऱ्यावर जो बदल होतो तो आपण सगळ्यांनी पाहिला आहे. साहेब बाहेर आहेत, उद्या या, हा कागद नाही, तो कागद आणा. यंत्र आडनाव विचारीत नाही. ते रात्री बारा वाजताही बोलते. प्रश्न बावळट असला तरी ते हसत नाही, दहादा विचारले तरी खेकसत नाही. शतकानुशतके ज्याला उंबऱ्याबाहेरून उत्तरे मिळाली त्याला कुणी समोर बसवून सन्मानाने उत्तर दिले, तर त्याचे मन त्या उत्तराकडे ओढले जाणारच. मिळाला तो सन्मान आणि त्याने मानले ते सत्य. या दोन गोष्टींची गल्लत इथे होते, आणि ही गल्लत आपल्या लोकांच्या बाबतीत इतरांपेक्षा अधिक खोल आहे असे माझे मत आहे.

या गल्लतीचा इतिहास साठ वर्षांचा आहे. १९६६ साली अमेरिकेत एमआयटी या संस्थेत जोसेफ वायझेनबाउम यांनी 'एलायझा' नावाचा संगणकी कार्यक्रम प्रसिद्ध केला. माणसाने टंकलेले वाक्य थोडे उलटसुलट करून प्रश्नाच्या रूपात परत द्यायचे, एवढेच त्याचे काम. त्याला काही कळत नव्हते. तरी लोक त्याच्यापाशी मन मोकळे करू लागले. वायझेनबाउम यांच्या स्वतःच्या सचिव बाई, ज्यांनी तो कार्यक्रम तयार होताना पाहिला होता, त्यांनी त्याच्याशी बोलताना वायझेनबाउम यांनाच खोलीबाहेर जायला सांगितले. ते हादरले. पुढे १९७६ साली त्यांनी या विषयावर पुस्तकच लिहिले आणि संगणकाकडे कोणते काम कधीही सोपवू नये याचा विचार मांडला. ते ज्यू होते. लहानपणी नाझी जर्मनीतून कुटुंबासह निसटलेले. माणसाविषयीचा निर्णय यंत्रवत होऊ लागला की काय घडते, हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नव्हते.

एलायझा तुमचेच वाक्य परत देत असे. ३० नोव्हेंबर २०२२ रोजी चॅटजीपीटी लोकांसाठी खुले झाले, आणि त्याच्या पाठोपाठ जी यंत्रे आली ती साऱ्या जगाचे लिखाण वाचून बसली आहेत. प्रचंड मजकूर वाचून, एका शब्दामागून कोणता शब्द येण्याचा संभव अधिक, याचा हिशेब करून ती वाक्य रचतात. खरे वाक्य आणि खऱ्यासारखे वाक्य या दोहोंची घडण त्यांच्या पोटात एकाच पद्धतीने होते. अलीकडे ती महाजालावर शोध घेऊन संदर्भही देतात. पण संदर्भ दिला म्हणजे त्यात तेच लिहिले आहे असे नाही.

तेव्हा इतिहासाच्या विद्यार्थ्याने पहिला प्रश्न विचारायचा तो असा की यंत्राने जे वाचले ते लिहिले कुणी?

मी त्याला भूगावच्या महारवाड्याचा इतिहास विचारला. त्याने दीड पान उत्तर दिले. त्यात गावाजवळच्या पोलाद कारखान्याचा उल्लेख होता. पोलादाचा कारखाना असलेले भूगाव वर्ध्याजवळ आहे. पुढे मुळशी धरणात भूगाव बुडाल्याचे आणि ग्रामस्थांनी सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली लढा दिल्याचे होते. धरण पौडच्याही पलीकडे, आणि मी हे वाचत होतो तो बुडालेल्या गावातल्या ओट्यावर बसून. मुळशी तालुका म्हटले की सत्याग्रह, सत्याग्रह म्हटले की बुडालेली गावे; शब्दामागून शब्द आला आणि गाव पाण्याखाली गेले.

हे हसण्यावारी नेता येईल. त्याखालचे नेता येत नाही. १९२१ च्या रामनवमीला सुरू झालेल्या त्या सत्याग्रहाविषयी लिखाण आहे. विनायकराव भुस्कुट्यांनी लिहिले, पुढे राजेंद्र व्होरांनी शोधग्रंथ लिहिला. जमिनीचा मोबदला कागदावर नाव असलेल्याला मिळतो. मावळात अशी नावे सावकारांची होती आणि नांगर दुसऱ्याच्या हातात होता, ही गोष्ट त्या इतिहासात आहे. पण बुडालेल्या गावांच्या महारवाड्यांचे काय झाले, कोण कुठे गेले, हे यंत्राला विचारले तेव्हा त्याने पुनर्वसनाची एक सुबक हकिगत रचून दिली. तारखा होत्या, आकडे होते. ज्याची नोंद कुणी ठेवली नाही त्याचे आकडे यंत्राकडे आले कुठून? आकडे नसलेल्या जागी आकड्यासारखे काहीतरी ठेवण्याची त्याला सवय आहे.

जिथे लिखाण आहे तिथेही ते कुणाचे आहे ते पाहावे. आपल्या जिल्ह्याचे इंग्रजी गॅझेटियर १८८५ चे. त्यात आपल्या जातींची वर्णने आहेत. काय खातात, कसे राहतात, स्वभाव कसा. इंग्रज अधिकाऱ्याने छापायचे आणि त्याला माहिती पुरवणारा बहुधा वरच्या जातीचा कारकून. ते सारे इंग्रजीत आहे, छापील आहे, महाजालावर आहे, म्हणून यंत्राच्या पोटात आहे. याच पुण्यातून शिवराम जानबा कांबळे यांनी १९०८ साली 'सोमवंशीय मित्र' काढले. त्याचे अंक आज सहजी हाती लागत नाहीत. त्याआधी, १८५५ मध्ये, 'तृतीय रत्न' लिहिले गेले त्याच वर्षी, मुक्ता साळवे या मांग समाजातल्या शाळकरी मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो 'ज्ञानोदय'मध्ये छापला गेला. तो एक निबंध एका पारड्यात आणि गॅझेटियर, बखरी, कचेऱ्यांचे अहवाल दुसऱ्या पारड्यात. यंत्र वजन करते ते मजकुराचे. २०२३ साली ऑक्सफर्डच्या संशोधकांनी अशी यंत्रे तपासली, तेव्हा जात आणि धर्म यांविषयीचे साचेबंद पूर्वग्रह त्यांच्यात ठळक दिसले. यंत्र आडनाव विचारीत नाही हे खरे; विचारावे लागत नाही, हेही खरे.

इथे कुणी म्हणेल, की कागद नसेल तर इतिहास लिहायचाच नाही काय? हा आक्षेप रास्त आहे, आणि तो बाबासाहेबांनी स्वतःच स्वतःपुढे ठेवला होता. १९४८ साली अस्पृश्य मूळचे कोण यावरचा त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याच्या प्रस्तावनेत ते पुराव्याच्या अभावाचा प्रश्न सरळ हाती घेतात. दुवे तुटलेले असताना संशोधकाने हात बांधून बसायचे काय? त्यांचे म्हणणे असे की अशा वेळी कल्पनेने आणि अंतःप्रज्ञेने तुटलेला दुवा साधण्याची मुभा इतिहासकाराला आहे. पण ते हे उघडपणे सांगून करतात. इथवर पुरावा आहे, इथून पुढे माझे अनुमान आहे, आणि माझा सिद्धान्त हा अखेरचा शब्द आहे असा माझा दावा नाही, असे ते वाचकाला बजावतात. वाचकाच्या हातात खोडून काढण्याचे हत्यार ते स्वतः देतात. 'पांगलेली माणसे' हा त्यांचा सिद्धान्त कुणाला पटो वा न पटो, त्यातला सांधा कुठे आहे हे कुणालाही बोट ठेवून दाखवता येते.

यंत्रही तुटलेले दुवे साधते. सांधा मात्र ते दाखवीत नाही. खात्रीचे आणि अंदाजाचे एकाच रंगात रंगवून ते पुढे करते. मला इथे मूलभूत फरक दिसतो; यंत्र किती चुकते, यापेक्षा मला हा फरक महत्त्वाचा वाटतो. उद्या ते कमी चुकू लागेल, लागलेही आहे. परंतु जो कमी चुकतो आणि कुठे चुकला ते कळू देत नाही, त्याच्यावर विसंबण्यात धोका अधिक.

वसंत मून यांनी बाबासाहेबांचे लेखन संपादित केले ते याच रीतीने. पहिला खंड १९७९ च्या एप्रिलमध्ये निघाला. पुढच्या खंडांत अप्रकाशित हस्तलिखिते आली, तेव्हा कुठे पाने गहाळ आहेत, कुठे प्रकरण अपुरे राहिले आहे, याच्या नोंदी संपादकांनी जागच्या जागी दिल्या. कोरी जागा कोरी ठेवली. बाबासाहेबांच्या शैलीत दोन पाने लिहून ती भरून काढण्याचा मोह कुणालाही झाला असता, आणि ओळखणारा विरळाच. आज चौदा एप्रिलच्या सभांत मी जी भाषणे ऐकतो त्यांत बाबासाहेबांच्या तोंडी घातलेली अशी वाक्ये असतात की ती खंड चाळून सापडत नाहीत. वक्त्याला विचारले तर तो मोबाइल दाखवतो. हेच वक्ते पुढच्या वाक्यात कालामसुत्ताचा दाखला देतात! वाक्य चांगले आहे, विचार त्यांचाच आहे, मग काय बिघडले, असेही एकाने मला सुनावले. बिघडते ते असे, की उद्या प्रतिपक्षाने खोटे वाक्य त्यांच्या तोंडी घातले तर ते खोटे ठरवायला आपल्याजवळ आधार उरणार नाही.

फसतात ते फक्त वस्तीतले लोक असेही नाही. न्यूयॉर्कमध्ये २०२३ साली दोन वकिलांनी यंत्राने रचलेले निवाडे न्यायालयापुढे ठेवले आणि पाच हजार डॉलर दंड भरला. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये आयकर खात्याचा एक आकारणी आदेश रद्द केला. त्यात आधार म्हणून दिलेले तीन निवाडे अस्तित्वातच नव्हते. यंत्राच्या उत्तरांवर डोळे झाकून विसंबू नका, पडताळून घ्या, असे न्यायालयाला अधिकाऱ्यांना बजावावे लागले. त्याच महिन्यात युरोपीय प्रसारण संघ आणि बीबीसी यांची पाहणी प्रसिद्ध झाली: १८ देशांतल्या २२ प्रसारण संस्थांनी, १४ भाषांत, बातम्यांविषयी यंत्रांना प्रश्न विचारले, ४५ टक्के उत्तरांत निदान एक तरी गंभीर दोष होता, आणि ३१ टक्क्यांत तो आधार-संदर्भांचा होता. मराठीसारख्या भाषेत, जिचा महाजालावरच्या मजकुरातला वाटा एक टक्क्याहूनही फार कमी आहे, याहून बरी स्थिती असेल असे मानायला मला कारण दिसत नाही.

फरक असा की आयकराच्या त्या प्रकरणातली कंपनी उच्च न्यायालयात जाऊ शकली. एकोणतीस गुंठ्यांचा धनी कुठे जाणार? शर्तभंग करून विकलेल्या जमिनीवर सरकारचा हात पडतो, दलाल कधीच पुढच्या गावाला गेलेला असतो, आणि यंत्राच्या उत्तराखाली बारीक अक्षरात लिहिलेले असते की चुका होऊ शकतात.

इसार घेतला गेला नाही. मुलगा पौडला चार खेपा घालून आला. शासनाने जुने फेरफार छायाचित्रे काढून संगणकावर घातले आहेत, पण ते हस्ताक्षरातले. त्यांना विचारले तर ती बोलत नाहीत, वाचावी लागतात. आम्ही दोघांनी मिळून वाचली. त्यात त्याच्या पणजोबांचे नाव निघाले, कब्जेहक्काची रक्कम भरल्याची नोंद निघाली, आणि पुढे जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीची ती शर्त, कारकुनाच्या तिरक्या अक्षरात. घरात कुणालाही ठाऊक नव्हते की पणजोबांनी ही रक्कम भरली होती. वतन सुटल्यावर गावकीची कामे सोडलेल्या माणसाने ते पैसे कुठून उभे केले असतील, हे विचारायला आता वस्तीत त्या पिढीचे कुणी नाही.

नकलेसाठीच्या अर्जाचा मसुदा त्याने यंत्राकडूनच लिहून घेतला होता, आणि तो चांगला झाला होता; फेरफाराचा क्रमांक तेवढा त्याने कागद पाहून स्वतःच्या हाताने घातला. त्याआधीचे वतनाचे कागद मोडीत आहेत. ते वाचणारा माणूस आम्ही शोधत आहोत.